उतावळी फणी

थोरल्या भावाचं ठरलेलं लग्न मोडलं आणि तीन महिन्यांनी त्याच मुलीशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी धाकटी बहीण, म्हणजे डबल, विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. घरात सगळ्यांचं लक्ष होतं ते आधी कोणाच्या आईने फोन करायचा याकडे. धाकटी मुलगी काय शिकते, कुठे जाते, बुटांना केळ्याचा चीक का लागलेला असतो, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. ते तिच्या पथ्यावरच पडलं.

तिला डबल म्हणायचे, कारण ती एका वेळी दोन पदव्या करत होती. एक अर्थशास्त्राची, एक विज्ञानाची. नाव मामाने पाडलं होतं. प्रवेशाचा कागद घेऊन ती पहिल्यांदा त्याच्या गोदामात आली तेव्हा त्याने तो कागद लांब धरून, जवळ धरून, पुन्हा लांब धरून वाचला आणि विचारलं, "दोन पदव्या? माणूस एक घेऊन फिरतो तर त्याला नोकरी मिळत नाही. तुला दोन मिळून किती नोकऱ्या मिळणार नाहीत?"

"मामा, तू हस. मला दोन्ही आवडतात."

"मग घे की. पाय दोन आहेत, चपला दोन लागतातच."

विद्यापीठात विज्ञानाची इमारत एका टोकाला आणि अर्थशास्त्राची दुसऱ्या टोकाला. मध्ये पटांगण. एक तास संपून दुसरा सुरू व्हायला दहा मिनिटं, आणि चालत जायला चौदा. डबल तीन वर्षं ते पटांगण धावत ओलांडत होती. सकाळी फळ पिकताना पिठाची साखर कशी होते ते शिकायची, दुपारी भाव कशाने चढतो-उतरतो ते शिकायची, आणि धावताना तिच्या डोक्यात दोन्ही एकमेकांत मिसळायची. कधीकधी पटांगणाच्या मधोमध तिला असं काही सुचायचं की ती तिथेच थांबून हातावर लिहायची आणि मग दोन्ही तासांना उशिरा पोहोचायची. शिक्षक रागावायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. इतकं आवडीचं काम सगळ्यांना का मिळत नाही, याचंच तिला नवल वाटायचं.

एक नियम मात्र कडक होता. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन्ही पदव्यांचा मिळून एकच प्रकल्प द्यायचा. त्यावर विज्ञानाच्या बाईंची सही हवी आणि अर्थशास्त्राच्या सरांचीही. ज्याची सही नाही, ती पदवी तिथेच सुटली. मागच्या वर्षी तिच्यापुढच्या तिघांपैकी तिघांची एकेक सुटली होती.

डबलने विषय निवडला तो मामाच्या खोलीचा.

मामा केळी पिकवायचा. गावाच्या कडेला त्याचं गोदाम होतं, आणि गोदामात एक बिनखिडकीची खोली, जाड दाराची. ट्रकमधून हिरवीगार केळी यायची, खोक्यांत भरलेली. ती खोलीत रचून मामा दार लावायचा. शेजारची गोदामं सिलिंडर लावून गॅस सोडायची. मामा तसं करत नसे. फळ पिकताना स्वतःच थोडा गॅस सोडतं, आणि तो लागला की शेजारचं फळही पिकू लागतं. मामा तोच कोंडून ठेवायचा आणि ऊब कमी-जास्त करायला दारावर ओलं गोणपाट टाकायचा. पाच-सहा दिवसांत हिरवं पिवळं व्हायचं. दुकानदार दारात उभे असायचे.

डबलने ठरवलं की दर खेपेला बारा खोक्यांवर आपले नंबर चिकटवायचे. रोज दुपारी येऊन वरच्या केळ्यांचा रंग हिरव्या-पिवळ्या छटांच्या पट्टीशी ताडून बघायचा, साल किती मऊ झाली ते मोजायचं, आणि त्या दिवशी त्या खोक्याला दुकानदार काय भाव देतात ते विचारून लिहायचं. एक दिवस आधी विकावं की एक दिवस थांबावं, हा तिचा प्रश्न. त्यात विज्ञानही होतं, अर्थशास्त्रही होतं.

पाच आठवडे झाले. पाच खेपा, साठ खोकी. आकडे मांडल्यावर डबल खुर्चीवरून उठून खोलीत दोन चकरा मारून पुन्हा बसली. पुस्तकात लिहिलं होतं की एकाच खोक्यातली केळी पुढेमागे पिकतात, काही आधी, काही मागून. मामाच्या खोलीतली केळी शाळेच्या रांगेसारखी एकत्र पिवळी होत होती. आणि भाव? पाचव्या दिवशीही उतरत नव्हता. हे कोणीच लिहिलेलं नव्हतं. आपल्याला काहीतरी नवीन सापडलंय, या विचाराने तिला दोन दिवस धड जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद बाईंपुढे ठेवले. बाई बारीक, करड्या केसांच्या, बोलायला तोलूनमापून. त्यांनी आलेखावर बोट फिरवलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फार छान आहे. म्हणून मला पटत नाही. फळं इतकी शिस्तीची नसतात. खोक्यांचं वजन केलंस का? आधी आणि नंतर?"

"नाही, बाई."

"कर."

ती पटांगण ओलांडून सरांकडे गेली. सर जाडजूड, सदा घाईत, टेबलावर कपांचा ढीग. त्यांनी कागद पाहिले न पाहिले आणि म्हणाले, "माल जुना होतो आणि भाव तिथेच राहतो? असा बाजार मला दाखव, मी नोकरी सोडून तिथे दुकान टाकतो. तुझ्या आकड्यांत काहीतरी राहिलंय, मुली. आजपासून आठ दिवसांनी सादर करायचंय ना?"

"आठ दिवसांनी, सर."

"मग बसू नकोस."

बाहेर येऊन ती पायरीवर बसलीच. दोन इमारती एकमेकींशी कधी बोलत नव्हत्या, आणि आज दोघींनी एकाच दिवशी एकच गोष्ट सांगितली होती.

त्या दिवशी दुपारी तिने सहाव्या खेपेच्या बारा खोक्यांचं वजन केलं. ट्रकमधून उतरताना प्रत्येक खोकं किती किलोचं होतं ते मामाच्या पाटीवर होतंच. त्या खेपेचा चौथा दिवस होता. केळ्यातलं पाणी उडून थोडं वजन घटतं, ते तिने धरलं. पण काही खोकी त्याहून दीड-दोन किलोने हलकी होती. तिने एका खोक्यातली वरची केळी उचलली. खाली कागदाचा बोळा कोंबलेला होता, जिथे एक अख्खी फणी असायला हवी होती तिथे.

कोणीतरी फण्या काढत होतं. मामाला सांगावं तर त्याला वाईट वाटेल. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पहाटे, मामा यायच्या आधी, येऊन रचलेल्या खोक्यांमागे जाऊन बसली. चोराला पकडायचंच, असं ठरवून.

चोर साडेपाचला आला. त्याने दिवा लावला, गोणपाट बाजूला केलं, आणि पहिलं खोकं उघडून त्यात नाक घातलं. डोळे मिटून हुंगलं. मग तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आलीस का? तुला भारी घाई." आणि आतून एक पिवळी फणी अलगद काढून कडेच्या टोपलीत ठेवली, जागेवर कागद कोंबला, वरची केळी नीट लावली, आणि खिशातला खडू काढून खोक्यावर एक टिपका दिला.

"मामा," डबल म्हणाली.

मामा दचकून खोक्याला टेकला. "अगं बया. माझा जीव घेशील. इथे काय करतेस तू?"

"तू काय करतोस?"

"मी?" मामाला प्रश्नच कळला नाही. "मी उतावळी काढतोय. प्रत्येक खोक्यात एखादी फणी असते, बाकीच्यांच्या आधी पिकणारी. तिला एक दिवस राहू द्यायचं, बाकीच्यांना जाग येते तिच्यामुळे. मग काढायची. नाही काढली तर सगळ्यांना पळवत नेते आणि खोकं एका दिवसात काळं. चाळीस वर्षं काढतोय."

"माझ्या खोक्यांतूनही?"

"तुझ्या खोक्यांतून तर दोनदा बघतो," मामा अभिमानाने म्हणाला. "तुझी परीक्षा आहे ना त्यांच्यावर. एक फणी खराब निघू दिली नाही मी."

डबल एका उलट्या टोपलीवर बसली. पाच आठवडे ती केळी मोजत नव्हती, मामाचं प्रेम मोजत होती. आणि प्रकल्पाच्या कागदावर ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

"काय झालं?" मामा म्हणाला. "चूक झाली का माझी?"

तिने सांगितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे माझ्यामुळे तुझी एक चप्पल जाणार."

"दोन्ही जातील, मामा."

मामा खडू बोटात फिरवत होता. डबल त्या खडूकडे बघत होती. मग तिने विचारलं, "हा टिपका कशाला देतोस?"

"किती काढल्या ते कळायला. एक फणी, एक टिपका. तिसऱ्या दिवशी काढली तर खोक्याला हात घालायला जे भोक असतं त्याच्या उजवीकडे, चौथ्या दिवशी डावीकडे, पाचव्याला मागच्या बाजूला. लिहायला-वाचायला येण्याआधीपासूनची सवय. आता येतं, पण हात तेच करतो."

डबल उभी राहिली. "प्रत्येक खोक्यावर?"

"प्रत्येक."

"माझ्या साठही खोक्यांवर? माझा नंबर आहे त्यांच्यावर?"

"असणारच. दुकानदार रिकामी खोकी परत आणून देतात. ती मागच्या पडवीत..." मामा बोलता बोलता थांबला. "आज कोण वार?"

"का?"

"रद्दीवाला येतो. दोन महिन्यांतून एकदा. आज सातला येणार म्हणाला होता."

सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. पडवीत जाऊन बघतात तर पडवी झाडून काढल्यासारखी रिकामी. रद्दीवाला लवकर येऊन गेला होता. शिस्तीचा माणूस, कोणाला उठवायला नको म्हणून आवाज न करता.

डबल धावली. तीन वर्षं पटांगण धावल्याचा तिला त्या दिवशी उपयोग झाला. गोदामाचे रबरी बूट पायात, केस सुटलेले, मागून मामा ओरडतोय, "डावीकडे, पुलाकडे गेला असेल." दोन गल्ल्या, एक बेकरी, एक बंद शाळा. पुलाच्या तोंडाशी तिला हातगाडी दिसली. खोकी चपटी करून दोरीने बांधलेली, माणसाच्या डोक्याहून उंच.

"थांबा, काका."

रद्दीवाला थांबला. ती गाडीला धरून धापा टाकत राहिली. तो शांतपणे वाट बघत होता.

"या खोक्यांतली साठ मला परत हवीत. नंबरवाली."

"मी वजनावर घेतलीत," तो म्हणाला. "परत द्यायची म्हणजे माझं वजन कमी होणार."

"तेवढंच वजन मी दुसरं देते. कागदच देते. वह्या आहेत माझ्या, पहिल्या वर्षाच्या."

"कसल्या वह्या?"

"अर्थशास्त्राच्या आणि रसायनाच्या."

रद्दीवाल्याने विचार केला. "जिल्द असेल तर काढून द्यावी लागेल. जिल्दीचं वजन धरत नाही मी."

"काढून देते."

तिथेच पुलावर, रस्त्याच्या कडेला, दोघांनी दोर सोडला आणि खोकी एकेक उलटून बघितली. सोळावं, तिसरं, एकेचाळिसावं. उजवीकडे टिपका. डावीकडे दोन टिपके. मागे एक. प्रत्येक टिपका सापडला की डबल तो मोठ्याने वाचायची. रद्दीवाल्यालाही मजा वाटू लागली. "हे बघ, यावर तीन," तो सांगू लागला. सत्तावन्न सापडली, तीन ओली होऊन पुसली गेली होती. मामा तोपर्यंत लंगडत पुलावर पोहोचला होता आणि कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता.

"माझी अक्षरं कोणी इतक्या बारकाईने वाचली नव्हती," तो म्हणाला.

आता डबलला कळलं होतं की तिच्या आकड्यांत काय राहिलं होतं. राहिला होता तो मामा. खोकं एकत्र पिकत होतं, कारण गॅस जास्त सोडणारी फणी वेळेवर निघत होती. भाव टिकत होता, कारण दुकानदारांना ते ठाऊक होतं. पण हे दाखवायचं तर मामाचा हात न लागलेली खोकीही हवीत. हातात सात दिवस होते. एक खेप बसत होती, जेमतेम.

त्याच दिवशीच्या ट्रकमधली बारा खोकी तिने घेतली. सहांना मामा हात लावणार, सहांना नाही.

"म्हणजे मला कळणार आत उतावळी आहे, आणि मी बघत बसायचं?" मामा म्हणाला.

"बघायचंही नाही. नाक घालायचं नाही."

"मूल रडतंय आणि घ्यायचं नाही, असं झालं."

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून मामा दाराबाहेर स्टुलावर बसू लागला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दारातून वास येत होता आणि त्याला नाक बंद करता येत नव्हतं. "नऊ नंबर," तो कळवळून म्हणायचा. "नऊ नंबरची सुटली बघ." डबल आत जाऊन बघायची तर नऊ नंबरमध्ये एक फणी पिवळीधमक. ती तेही लिहून घ्यायची. आई डबा घेऊन आली तेव्हा भावाला तसा बसलेला बघून म्हणाली, "दादा, तुला काय शिक्षा झालीय?"

"तुझ्या मुलीने केलीय. विज्ञान आहे म्हणे."

पाचव्या दिवशी हात न लागलेली सहा खोकी पुढे पळाली होती. काही केळ्यांवर डाग, काही अजून हिरवट, सगळा गोंधळ. हात लागलेली सहा रांगेत पिवळी होत होती.

दुकानदार काय भाव देतात त्याचीही नोंद हवी होती. त्यावर मामाने सुरुवातीलाच एक अट घातली होती. "ज्या खोक्याला माझा हात नाही, ते माझ्या नावावर विकायचं नाही. सांगून विकायचं."

म्हणून डबलने आधीच, तिसऱ्या दिवशी, दोन्हींचा रंग बाहेरून अगदी सारखा असतानाच, चष्मेवाल्या दुकानदारीणबाईंना दोन खोकी दाखवून भाव विचारला होता; माल मागाहून द्यायचा होता. त्या मामाकडून वीस वर्षं न उघडता माल नेत होत्या.

"हे मामाने बघितलंय. हे नाही बघितलं."

दुकानदारीणबाईंनी दोन्ही खोक्यांकडे चष्म्यावरून बघितलं. "एकाच ट्रकचं?"

"एकाच."

"मग ते पहिलं दे. दुसरं नेईन, पण चौथाई भाव कमी करून, आणि उघडून बघून." मग मामाकडे वळून, "तुम्ही आजारी आहात का? स्टुलावर का बसलाय?"

पुढच्या तिन्ही दिवशी प्रत्येक दुकानदाराने तेच केलं. कोणी चौथाई, कोणी तिसरा हिस्सा.

आठव्या दिवशी सादरीकरण खोलीतच झालं, कारण खोली विद्यापीठात नेता येत नव्हती. बाई गॅस मोजायचं यंत्र घेऊन आल्या. सर नुसते आले. दोघे दारात भेटले आणि एकमेकांना कोण म्हणून विचारलं. अकरा वर्षं समोरासमोरच्या इमारतींत काढलेली माणसं.

डबलने आधी कागदावरून वाचून सुरुवात केली. मग टिपक्यांची चपटी खोकी भिंतीला लावून दाखवताना ती विसरली की हे सादरीकरण आहे. ती खोक्याकडून खोक्याकडे जात होती, हात उडवत होती, मध्येच हसत होती. बाईंनी यंत्र एकेका खोक्याशी धरलं. हात न लागलेल्यांत आकडा तिप्पट होता.

"भाव टिकतो, कारण गॅस कमी होतो," बाई म्हणाल्या. "हा आमचा विषय आहे."

"गॅस कमी होतो, कारण या गृहस्थांना भाव टिकवायचाय," सर म्हणाले. "आणि दुकानदारीण केळ्याचे पैसे देतच नाहीये. ती न उघडण्याचे पैसे देतेय. हा आमचा विषय आहे."

"गॅस नसता तर काढलं काय असतं?"

"भाव नसता तर काढलं कोणी असतं?"

"तुम्ही दोघं एकच बोलताय," मामा म्हणाला. "बाहेर जाऊन बोला. दार उघडं आहे, खोली गार होतेय."

दोघे खरोखरच बाहेर गेले आणि पाऊण तास बोलत उभे राहिले. परत आले तेव्हा दोघांच्याही हातात अर्धं केळं होतं. बाईंनी कागद भिंतीला टेकवून सही केली.

सरांनी पेन घेतलं, आणि परत ठेवलं. "सहा खोकी, एक खेप. माझ्या पोटाला पुरत नाही. सत्र संपायला महिना आहे. अजून तीन खेपा कर. हेच निघालं तर सही."

डबलने मामाकडे पाहिलं. मामाने उसासा टाकला आणि स्टूल ओढलं.

तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेचा चौथा दिवस नेमका भावाच्या लग्नाचा होता. दोन्हीकडच्या आया अखेर एकमेकींशी बोलत होत्या, आणि इतकं बोलत होत्या की डबल आणि मामा अर्धा तास नाहीसे झालेले कोणाच्या लक्षात आलं नाही. ती नव्या कपड्यांवर गोणपाट गुंडाळून रंग ताडत होती. मामा कडक इस्त्रीचा कोट घालून दाराबाहेर हात दाबून बसला होता.

"चार नंबर," तो आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला.

"लिहिलं, मामा."

"अकरा."

"थांब. हो. अकरा."

आकडे तेच निघाले. सोमवारी सरांनी सही केली. डबल तो कागद घेऊन पटांगणात आली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ते चालत ओलांडलं.

पुढच्या वर्षीच्या पदवीदानात तिला दोन्ही पदव्या मिळाल्या. मामाने दोन्ही कागद लांब धरून, जवळ धरून वाचले आणि प्रत्येकाच्या मागे खडूने एकेक टिपका दिला.

मामा त्यानंतरच्या मार्च महिन्यात वारला, नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता.